मणीगळ

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, माझं काम एका वाक्यात सांगायची चूक मीच केली. "कण खाली पडतात की वर जातात, ते बघतो आम्ही." निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला गोल, बारीक आणि पडणारी एकच वस्तू ठाऊक असते: घडातला मणी. पुढच्या रविवारी नाशिकहून गावी गेले, तर ओट्यावर शेजारच्या बागेचे काका गळालेल्या मण्यांची पिशवी घेऊन हजर. "अण्णा म्हणले, तू मणीगळीवर लय मोठं काम करते."

मग मी पहिल्यापासून सांगितलं. उलट्या जातीचा, म्हणजे प्रतिद्रव्याचा हायड्रोजन असतो, साध्या वस्तूला शिवला की दोघंही नाहीसे होतात. म्हणून तो चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा, मग हळूच सोडायचा आणि बघायचं. परदेशातली प्रयोगशाळा तो सोडते. मी कॉलेजातले तास संपवून इथे त्याच्या नोंदी तपासते.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वर गेला तर फोन कर. खाली पडला तर नको करू, ते मला म्हाईतच हाय."

फोन तरी कुठे करणार? अण्णांचा मोबाईल कायम घरात फडताळावर असायचा. फवारणीत भिजतो म्हणून ते तो बागेत नेत नसत.

काही वर्षांनी निकाल लागला. खाली पडला. बाकीचे सगळे खुशीत होते आणि मी मोबाईल हातात धरून बसले होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम अण्णांना आधीच माहीत होतं. रडू आलं, खोटं कशाला सांगू. फोन केलाच नाही.

पेपरात बातमी आली. रविवारी काका पुन्हा पिशवी घेऊन ओट्यावर. "खालीच पडलं म्हणे! एवढ्यासाठी इतकी वर्षं?"

मी हसून घेतलं. अण्णा हसले नाहीत. हाच विनोद त्यांनी गावभर केला होता, पण तो फक्त त्यांनी करायचा होता.

"तुझी बाग कधी तोडायची?" त्यांनी काकांना विचारलं.

"सोमवारी. मण्यांत गोडी उतरली."

"कशावरून?"

"चाखली ना."

"छाटणीपासून दिवस मोजले असते तरी कळलं असतं. चाखली कशाला?"

काका पिशवीशी चाळा करत बसले. अण्णा माझ्याकडे वळले. "आन् तू फोन का नाय केला?"

"खाली पडला तर करू नको, म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणलो व्हतो," अण्णा म्हणाले. "तवापासून मोबाईल बागेत नेतो मी. फवारणीत दोन भिजले."