दोघांचं गाऱ्हाणं

चारकोपच्या सेक्टर दोनमध्ये जयवंत परब म्हणजे ‘सायकलवाले काका’. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, पण दर मार्गशीर्षात वेंगुर्ल्याला गावी जायचा तो सायकलने. सोबत चंदू राणे, शेजारच्या गाळ्यातला वेल्डर. सोसायटीतले हसायचे, गाड्या काय कमी आहेत का? चंदू म्हणायचा, “गाडीने गाव येतं रे, मधली माणसं राहून जातात.”

आणि माणसं भेटलीही भरपूर. कधी शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम, कधी देवळाच्या सभामंडपात. एकदा एक लॉजवाला सायकली खोलीत घेऊ देईना. चंदूने त्याला विचारलं, “तू बायकोला खाली ठेवून वर झोपतोस काय?” रात्रभर दोन माणसं आणि दोन सायकली एका खोलीत, पाय पसरायला जागा नाही.

पण हक्काचा मुक्काम विजयदुर्गाच्या पुढे, एका वाडीत, रुक्मिणीकाकींच्या घरी. पहिल्या वर्षी चंदूचा टायर नेमका त्यांच्या बेड्यासमोर, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोर, फाटला. काकींनी पेज वाढली, पडवीत घोंगड्या टाकल्या, आणि सकाळी निघताना तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घातलं. गाऱ्हाणं खरं तर देवळात पुरुषांनी घालायचं, पण काकी कुणाला विचारायला थांबणाऱ्या नव्हत्या.

“बा देवा म्हाराजा, हे दोन झील सायकलीन जातत, वाटेत तेंका काय एक त्रास होवक देव नको!”

“व्हय म्हाराजा!” काकींच्या या दोन झिलांनी, म्हणजे लेकांनी, म्हणायचं. हुंकार आला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं काकींचं म्हणणं. चंदूचा हुंकार एवढा दणदणीत, की गोठ्यातली गाय दचकायची. असं चौदा वर्षं चाललं. दर दिवाळीला काकींना फोन जायचा तोही चंदूचाच. जयवंत फोनवर बोलायला तसा मुखदुर्बळ.

मग एका एप्रिलमध्ये चंदू गाळ्यातच छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. त्या वर्षी जयवंत एकटाच निघाला. घरी बसला असता तर चंदूने वरून शिव्या घातल्या असत्या. वाटेत ठरवलं होतं, काकींना सांगायचं. पण पोचतो तर काकींच्या कपाळावर कुंकू नाही. त्यांचे यजमान, काका, दसऱ्यानंतर गेले होते.

“चंदू खंय?” काकींनी विचारलं.

त्या घरात आणखी एक मरण घेऊन जायला जयवंतची जीभ उचलेना. “गुडघो धरलो हा तेचो,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी काकींनी चंदूसाठी बाटलीभर तेल काढून ठेवलेलं. सकाळी गाऱ्हाण्यात म्हणाल्या, “आणि म्हाराजा, चंदूचो गुडघो बरो कर!” जयवंत खालच्या मानेने “व्हय म्हाराजा” म्हणाला. देवाच्या तोंडावर खोटं बोललो, हे त्याला पुढचा सगळा घाट चढेपर्यंत टोचत राहिलं. तेलाची बाटली घरी नेऊन त्याने कपाटात ठेवली, टाकवेना आणि वापरवेना.

तिसऱ्या वर्षी काकींनी चंदूची चौकशीच केली नाही. सकाळी नारळ ठेवला. “बा देवा म्हाराजा, हो एक झील सायकलीन जाता...”

जयवंतने मधेच थांबवलं. “काकी, चंदूचा नाव?”

“तेचा नाव कित्याक? तीन वर्सां दिवाळीक फोन नाय. हेंच्या मरणाक दोन शब्द बोलूक नाय. गुडघो दुखता तेचो, तोंड दुखणा नाय मां? चौदा वर्सां माझ्या हातची पेज खाल्ल्यान आणि इसारलो.”

आपण काकींना जपायला गेलो आणि चंदूला कृतघ्न करून ठेवलं, हे जयवंतला तेव्हा कळलं. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजूही मांडता येत नाही.

“काकी, चंदू इसारूक नाय. तो गेलो. काका गेले त्याच वर्साक, काकांच्या आधी. मीच खोटा बोललंय.”

काकी मटकन तुळशीच्या कट्ट्याला टेकल्या. जयवंतला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढणार. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी पदराने डोळे पुसले, आत जाऊन दुसरा नारळ आणला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

“बा देवा म्हाराजा, मी मेलेल्या झिलार रागावलंय, ता पोटात घाल. तो जंय आसात, थंय तेका बरो ठेव!”

जयवंतने तोंड उघडलं. आवाज फुटेना. काकी हात जोडून थांबल्या. गोठ्यात गाय शेपटीने माशा वारत होती. त्याने पुन्हा प्रयत्न केला, नुसता घसा खरवडला.

शेवटी काकींनीच हळू आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा.”