कासवांचा शिंपी

केसरीनाथकाकांची मोजपट्टी त्यांच्या पुतण्याने, देवेशने, खाडीच्या चिखलात घालवली यात नवल नव्हतं. स्वतःची एक चप्पलही त्याने तिथेच अर्पण केली होती. नवल पुढच्या शहाणपणाचं. काका रागावतील म्हणून त्याने आपण कामाला असलेल्या कापडाच्या लूमवरची पट्टी गुपचूप त्यांच्या पिशवीत सरकवली. तिचे सुरुवातीचे चार इंच तुटलेले. लूमवर कोणाला त्याचं काही नसे; कापड मोजायचं, चार वजा करायचे, पुढचा तागा घ्यायचा. ही वजाबाकी काकांना सांगायला मात्र तो विसरला. काका टोक अंगठ्याखाली दाबत आणि आकडा दुसरीकडे वाचत.

काका कोनगावचे जुने खाडीवाले. शेताच्या जागी गोदाम आलं, हात रिकामे झाले, ते कासवांत गुंतले. भरतीबरोबर भरकटलेलं, जाळ्यात पाय अडकलेलं कासव दिसलं की काका गुडघाभर रुतून ते काढत, ओल्या गोणपाटाखाली ठेवत आणि सरकारी कार्यालयांना फोन लावत. एका कार्यालयातले म्हणत, हे काम दुसऱ्या कार्यालयाचं. दुसऱ्यातले पहिल्याचंच नाव सांगत. काकांच्या मते दोघांपेक्षा कासव चपळ. मग धडधाकट असेल ते काका स्वतःच पुढच्या भरतीला सोडत. पण आधी पाठीचं माप वहीत लिहीत. गावाने त्यांना 'कासवांचा शिंपी' म्हणायला सुरुवात केली. त्यांची बायको आक्का विचारी, "झबली कवा शिवनार?"

काका सोसत, कारण तीन पावसाळ्यांची, एकोणीस कासवांची ती वही त्यांना एकदा जाणत्या माणसापुढे ठेवायची होती. अखेर मुंबईहून कासवांचा अभ्यास करणाऱ्या क्षितिजाबाई आल्या. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. बाईंनी पानं उलटली, थांबल्या, आणि हळूच म्हणाल्या की यातली काही कासवं फारच मोठी आहेत. ही जात एवढी वाढत नाही. त्यांनी पट्टी मागितली. उलगडली, तर ती पाचव्या इंचापासूनच सुरू.

 देवेशने सगळं कबूल केलं आणि लगेच तोडगाही काढला, चार वजा करू. बाईंनी विचारलं, पट्टी बदलली कधी? गेल्या पावसाळ्यात. नाहीतर त्याच्या आदल्या. कदाचित पहिल्याच. मग कुठल्या कासवातून चार काढायचे? सापडल्याच्या नोंदी घेते, बाई म्हणाल्या, मापं मात्र धरता येणार नाहीत.

काकांनी वही मिटली. त्या दिवशी आक्कानेही झबल्यांचं काढलं नाही.

आठवड्याने ओहोटीला पुन्हा एक कासव रुतलं. काका निघाले, मागोमाग देवेश. कासवापाशी पोचेपर्यंत काकांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"काका, दुकानातली कोरी पट्टी आनलीय," देवेश म्हणाला. "आता तरी राग सोडा."

काकांनी चिखलाचा हात पुढे केला.

"आधी टोक दाखव."