तरीची बातमी आणि तरीची जाहिरात

"पहिल्या पानावर माझी बदनामी आणि शेवटच्या पानावर माझीच जाहिरात! एकाच कागदावर!"

बाबुशेटनी आमच्या शाळेचा अंक हेडमास्तरांच्या टेबलावर टाकला. मी समोर उभा होतो. मला बसा म्हणायचं हेडमास्तरांना सुचलं नव्हतं आणि माझीही बसायची छाती नव्हती.

साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता. मालवणजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी आणि कॉमर्स शिकवत होतो. त्यामुळे दोन उद्योग माझ्या गळ्यात पडले होते. एक मुलांचं पाक्षिक. दुसरं व्यापार मंडळ. मंडळातली मुलं शाळेत वह्या-टाकांचं दुकान चालवत आणि बाजारात फिरून पाक्षिकासाठी जाहिराती आणत. जाहिरातींवर कागद आणि शाई येई. अंक सायक्लोस्टाईलवर निघे. म्हणजे मेणाच्या पातळ कागदावर, स्टेन्सिलवर, टोकदार लेखणीने कोरून लिहायचं, तो कागद यंत्राच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. स्टेन्सिल महाग, फाटली की गेली. म्हणून कोरायचं काम मी कोणाला देत नसे.

बाबुशेट खाडीवरच्या तरीचे ठेकेदार, बाजारात त्यांचं दुकानही होतं. तर म्हणजे माणसं पलीकडून अलीकडे आणणारी मोठी होडी. आमची निम्मी मुलं त्या तरीनेच शाळेत येत. शिवाय बाबुशेट शाळेच्या कमिटीवर होते.

हेडमास्तरांनी बातमी मोठ्याने वाचली. "'तरीवर रोज जिवाशी खेळ. शाळेच्या वेळेच्या फेरीत चाळीस ते पंचेचाळीस माणसे बसतात. परवानगी पंचवीसची आहे.' अहो मास्तर, हे काय?"

"परवानगी चाळीसची आसा," बाबुशेट म्हणाले. राग वाढला की त्यांची कचेरीतली मराठी सुटे आणि मालवणी येई. "माझ्या वडलांपासून चाळीस. ह्यां कोणी लिवल्यान?"

लिहिलं होतं सुमनने. दहावीतली मुलगी, पाक्षिकाची संपादक. सहा दिवस धक्क्यावर उभी राहून तिने माणसं मोजली होती. मी तिची वही पाहिली होती, वार आणि वेळेसकट. पण पंचवीसचा आकडा कुठून आला, हे मी तिला विचारलंच नव्हतं. इतकी व्यवस्थित वही बघून मी खूश झालो आणि पुढे गेलो.

शिपायाने तिला बोलावून आणलं.

"हे तू लिहिलंस?" हेडमास्तरांनी विचारलं.

"बातमी मी लिहिली, सर."

"सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी वाचायची. नाहीतर पाक्षिक बंद."

बाबुशेट माझ्याकडे वळले. "हिचो बापूस माझ्याच तरीर वल्ही मारता. तुमका म्हायत आसा मां?"

मला माहीत होतं. सुमनलाही त्याचा अर्थ कळला. ती एकदा माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. तेव्हा मला आठवलं की ती 'बातमी मी लिहिली' म्हणाली होती. तिने दिलेला मथळा 'तरीवरील गर्दी' असा होता. 'जिवाशी खेळ' मी स्टेन्सिल कोरताना घातलं. जरा चटकदार वाटावं म्हणून. आणि पोरगी माझं नाव सांगत नव्हती.

"मथळा माझा आहे," मी म्हणालो. "तिचा वेगळा होता. मी बदलला."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "मग माफी तुम्ही वाचा."

"मथळ्याची आजच मागतो. बाबुशेट, ते शब्द चुकले माझे. पण आकडा खोटा ठरला तरच बातमी मागे घेऊ. मला सोमवारपर्यंत मुदत द्या."

मुदत मिळाली. बाहेर आल्यावर मी सुमनला तो प्रश्न विचारला, जो आठ दिवस आधी विचारायला हवा होता.

"बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "पण त्यांचं नाव नको, सर."

संध्याकाळी मी धक्क्यावर गेलो. सुमनचे वडील, लक्ष्मण, तर बांधत होते. गावभर अंक फिरला होता. ते माझ्यावर भडकणार, अशी मनाची तयारी करूनच मी गेलो होतो. त्यांनी दोर आवळला, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तरानू, माझ्या चेडवान लिवल्यान तां खोटां नाय. ही नवी तर इली तेव्हा बंदराचो इन्स्पेक्टर पंचवीस बोललो. माझ्या कानान ऐकलंय."

"कागद पाहिलात?"

"कागद माका कोण दाखवतलो?"

म्हणजे आमच्या पहिल्या पानाचा सगळा भार एका माणसाच्या ऐकीव वाक्यावर होता. इन्स्पेक्टर पस्तीस म्हणाला असेल आणि वाऱ्यात पंचवीस ऐकू आलं असेल, तर सुमनला माफी आणि लक्ष्मणना घरचा रस्ता. त्या दोन दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर मी सरळ बाबुशेटच्या दुकानात गेलो. "मालवणला बंदर कचेरीत जाऊ या," मी म्हटलं. "दोघेही. रजिस्टरात चाळीस असेल तर माफी मी वाचीन आणि राजीनामाही देईन."

"चला," ते लगेच म्हणाले. त्यांच्या त्या 'चला'ने मी घाबरलो. खोटं बोलणारा माणूस इतका पटकन उठत नाही.

कचेरीतल्या क्लार्कने आधी चष्मा शोधला, मग रजिस्टर शोधलं, मग पान. मी उलट्या बाजूने अक्षरं लावायचा प्रयत्न करत होतो.

"तुमची तर... ही बघा. वल्ह्याची. उतारू पंचवीस."

"चाळीस," बाबुशेट म्हणाले.

"चाळीस जुन्या तरीला होते. ती मोठी होती. ती मोडीत काढलीत ना? ही लहान. इथे सही तुमचीच आहे."

सही बाबुशेटचीच होती. त्यांनी पान जवळ ओढून पुन्हा वाचलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, पण त्यांच्याकडे बघून मला हसू आलं नाही. बाहेर येऊन ते पायरीवर बसले.

"कागद कारकुनान हाडलो, मियां सही केलंय. वाचूक नाय." मग म्हणाले, "माझी नातवंडां त्याच फेरीक असतत, मास्तर."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"आता ह्यां परत छापशात?"

"छापायला लागेल. पण तुम्ही पुढे काय करणार, तेही छापू."

काय करायचं, हा प्रश्न सुटला व्यापार मंडळात. तिथला सेक्रेटरी मधू. बाबुशेटची जाहिरात त्यानेच आणली होती, त्यामुळे ती जाईल या धास्तीने तो आधीच अर्धा झाला होता. सोमवारी त्याने मंडळाच्या पोरांना वर्गावर्गांत पाठवलं. तरीने येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: तू त्याच फेरीत का चढतोस? उत्तर सगळ्यांचं एकच आलं. पुढची फेरी धरली तर घंटा होऊन जाते आणि उशिरा येणाऱ्याला पहिला तास दाराबाहेर उभं करतात.

तो कागद घेऊन मी हेडमास्तरांकडे गेलो. बाबुशेट तिथेच होते. रजिस्टरातला आकडा त्यांनीच आधी सांगून टाकला होता, त्यामुळे माफीचा विषय मिटला होता. हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला. उशिराचा नियम त्यांचाच होता.

"म्हणजे गर्दी आम्हीच करवतो की काय?"

"थोडी आपण, थोडी मी," बाबुशेट म्हणाले. कचेरीतली मराठी परत आली होती. "मी शाळेच्या वेळेला दुसरी होडी लावतो. तुम्ही घंटा जरा उशिरा द्या."

घंटा पाव तास पुढे गेली. दुसरी होडी लागली आणि तिच्यावर लक्ष्मणनाच नेमलं. बाबुशेटनी त्यांना आकड्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. माझा अंदाज आहे की त्यांना सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. दोन होड्या एकामागून एक लागल्या, मुलं न ढकलता उतरली आणि एका लहानग्या मुलीने दप्तर डोक्यावर न धरता खांद्याला लावलं होतं. मला एवढं हलकं वाटलं की मी तिथल्या दुकानात बसून दोन कप चहा प्यायलो आणि पहिल्या तासाला मीच उशिरा पोचलो.

पुढच्या अंकात रजिस्टरातला आकडा आला, बाबुशेटचं म्हणणं आलं आणि मथळ्याबद्दल माझी दिलगिरीही आली. मधू पुन्हा जाहिरात मागायला गेला. बाबुशेटनी दिली, पण मजकूर स्वतः सांगितला: 'एका फेरीत पंचवीसच.'

पुढे वीसेक वर्षं मी ते पाक्षिक चालवलं. कोणताही आकडा आला की 'कुठून आणलास?' हे आधी विचारायचो आणि मग बातमी वाचायचो. मथळे मात्र मुलांनाच द्यायला लावले. मोठ्या माणसांपेक्षा ती शब्द जपून वापरतात.