चहाच्या वेळेचे भूकंप

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कतारमध्ये, दोह्यातल्या बिन महमूद भागात, आमच्या चौदाव्या मजल्यावर गेल्या हिवाळ्यात भूकंपांची जी मालिका जाणवली, तिचा केंद्रबिंदू समुद्रापलीकडे इराणात नसून आमच्याच दिवाणखान्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत असल्याचा मला दाट संशय होता. शास्त्रज्ञांनी नोंद घ्यावी.

पहिला धक्का मात्र अस्सल. पलीकडच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांत तेव्हा रोज बारीक बारीक धक्के बसत होते. त्यातला एखादाच दांडगा इथवर पोचतो, आणि तोही फक्त उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांना कळतो. दिवा डुलतो, पाण्याच्या जारमध्ये लाटा उठतात, आणि माणसाला वाटतं, आपलं बीपी वाढलं. त्या संध्याकाळी सगळी इमारत खाली पार्किंगमध्ये उतरली. लोक पासपोर्ट घेऊन आले, बायको दागिन्यांची पिशवी घेऊन आली आणि मी टीव्हीचा रिमोट घेऊन आलो. का, ते विचारू नका.

सासूबाई सगळ्यांच्या शेवटी, रमतगमत आल्या. त्या पाटण तालुक्यातल्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या. तिकडे जमीन अधूनमधून हलायचीच. मांडणीवरची भांडी वाजली की त्या झोपेतच कूस बदलायच्या. सासरे गेल्यावर गावच्या घरात एकट्या उरल्या, म्हणून बायकोनं त्यांना हट्टानं इकडे आणलं होतं. आल्यापासून त्या खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत. मी एकदा म्हटलंही, "आई, शेजारी जाऊन बसा की जरा."

"लेकीच्या घरी ऱ्हाणारीनं काम नसताना कुणाचं दार वाजवू न्हाई, जावईबापू. लोक म्हनत्याल, म्हातारी कंटाळली. तुमालाच कमीपना."

आणि त्या संध्याकाळी? समोरच्या फ्लॅटमधली इजिप्शियन आजी आणि आमच्या सासूबाई पार्किंगच्या कट्ट्यावर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. एक अरबीत, दुसरी सातारी मराठीत. एकमेकींना गुडघे दाखवून झाले, नातवंडांची उंची हातानं दाखवून झाली, आणि मग कशावर कोण जाणे, दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सगळे वर गेले तरी त्यांचा भूकंप चालूच.

दोन दिवसांनी सासूबाई ओरडल्या, "हललं! पोरी, हललं गं!"

मला काहीच जाणवलं नाही. आता मी गॅस प्लांटमध्ये यंत्रांची कंपनं तपासायचा पगार घेतो; यंत्र जरा थरथरलं तरी माझे कान टवकारतात. पण मी चप्पल शोधेपर्यंत सासूबाई समोरचं दार बडवत होत्या: "यल्ला! यल्ला!" अरबीत 'चला, चला' करत दोघी थेट खाली, पार्किंगच्या कट्ट्यावर.

मग धक्क्यांवर धक्के सुरू झाले. मोबाइलवर भूकंपाच्या नोंदी बघून मुलगी म्हणायची, "आजी, देअर्स नथिंग हिअर."

"तुज्या फोनाला काय कळतंय? म्या कोयनेची हाय!"

या युक्तिवादापुढे कोण टिकणार?

माझा संशय मात्र बळावत चालला. हे भूकंप चहाच्याच वेळी येत. टीव्हीवर त्यांची मालिका चालू असताना एकदाही आले नाहीत. ज्या दिवशी सासूबाई दुपारीच इस्त्रीचं लुगडं नेसत, केस विंचरत आणि चपला दाराकडे तोंड करून ठेवत, त्या दिवशी भूकंप हमखास. शिवाय काखेत शंकरपाळ्यांचा डबा.

"आई, भूकंपात शंकरपाळ्या?"

"इमारत पडली तर खायचं काय?"

"बरं, पण भूकंपात लिफ्टनं जाऊ नये."

"आन् जिन्यात माजं गुडघं निखळलं मंजी? तुमी उचलून न्याल?"

इजिप्शियन आजीही कटात सामील असणार. दार वाजायच्या आधीच ती थर्मास घेऊन उंबऱ्यात उभी असे.

एकदा मी सापळा लावला. चहाच्या वेळी पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास त्यांच्यासमोर ठेवला आणि पेपर वाचायचं सोंग घेऊन बसलो. "हललं!" सासूबाई गरजल्या. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळा पुरावा एका दमात पिऊन टाकला. "तहान लागली हुती," म्हणाल्या.

मी रिकामा ग्लास स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. भूकंप झाला की कुणाचंही दार वाजवता येतं, हा शोध त्यांनी सत्तरीत लावला होता; मी कशाला तो हाणून पाडू?

पण बायकोला मजा येत नव्हती. ती प्रत्येक धक्का खरा धरून चालली होती. शुक्रवारी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर, तिनं लॅपटॉप उघडला.

"अहो, आईला परत पाठवूया. या वयात तिच्या जिवाला हा घोर नको. तिकीट काढते."

सासूबाईंच्या हातातला घास थांबला. "मला कसला घोर? म्या बरी हाय हितं."

"मग रोज किंचाळतेस कशाला, आई?"

खरं बोलावं तर जावयासमोर मान खाली, न बोलावं तर गावच्या त्या रिकाम्या घरात परत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेनं ग्लासाकडे पाहिलं होतं, त्याच नजरेनं. मी चहात बिस्किट बुडवलं, ते बुडालंच. बायकोचं बोट बटणाकडे निघालं. आता काहीतरी थाप मारून सोडवावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि टेबलावर टांगलेला दिवा डुलला.

हळूच, डावीकडे. मग उजवीकडे. जारमधलं पाणी डचमळलं. माझ्या कपातला चहा बशीत आला. मुलगी मोबाइल नाचवत खोलीतून धावत आली: "मॉम! धिस वन इज रिअल!"

बायकोनं टेबल घट्ट धरलं. मग 'धिस वन' या शब्दांचा अर्थ तिच्या डोक्यात उतरत गेला, तशी तिची मान सावकाश आईकडे वळली.

सासूबाईंनी दोन्ही हात वर केले.

"माज्याकडं काय बगतीस? ह्यो म्या न्हाई केला!"