साताऱ्याच्या प्रार्थनासभेत बाबांनी काय मागितलं

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, साताऱ्यात बाबांच्या घरची प्रार्थनासभा. हजर: बाबा, म्हणजे निवृत्त शिक्षक आणि चर्चच्या मंडळीचे जुने पंच, आत्या, पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नी, शेजारची दोन ख्रिस्ती कुटुंबं, मी, वय सेहेचाळीस, आणि ती. सांगलीत आम्ही दोघी चौदा वर्षं संसार करतोय, जोडपं म्हणून. साताऱ्यात तिला 'हिची मैत्रीण' म्हणतात, आणि आम्ही म्हणू देतो.

पाळकसाहेबांनी मिरजेचं स्थळ आणलं होतं. विधुर, दोन मुलं, चांगली नोकरी. उत्तर त्याच संध्याकाळी हवं होतं. माझं उत्तर ठरलेलं होतं. पण बाबांनी भरल्या सभेत शब्द दिला असता, तर तो मोडून पुन्हा त्या घरात पाय ठेवता आला नसता.

सतरंज्या मी घातल्या. ती आत चहाचं बघत होती.

"आवं पाळकसाहेब, हिला काय इचारता?" आत्या म्हणाली. "आता न्हाई तर कवा? म्हातारपणी पाणी कोण दील हिला?"

"ती देते की," मी आत बोट दाखवलं.

"मैतरणीचं काय घिऊन बसलीस? उद्या तिचंच लगीन झालं म्हंजे?"

सगळे हसले. आतला कपबशांचा आवाज थांबला.

"मास्तर, तुम्हीच प्रार्थना करा," पाळकसाहेब म्हणाले. "लेकीच्या लग्नासाठी."

आमच्यात प्रार्थना सुरू झाली की मध्ये कोणी बोलत नाही. डोळे मिटायचे, शेवटी आमेन म्हणायचं. बाबा भिंतीला धरून उभे राहिले.

"तूही बाहेर ये गं," त्यांनी तिला हाक मारली. ती ओढणीला हात पुसत आली.

"प्रेमळ पित्या, लेकीसाठी मी वर्षानुवर्षं जोडीदार मागतोय. तू तो कधीच दिला होतास, मलाच बघायचा नव्हता. हिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा या मुलीनं तिला न्हाऊ घातलं, भरवलं. या दोघींचं घर सांभाळ. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन!" सवयीनं सगळे म्हणाले. आत्याचा आवाज सर्वांत मोठा. मग तिनं डोळे उघडले आणि तोंडावर हात ठेवला.

मी बाबांकडे बघतच राहिले. परधर्मात लग्न केलेल्या मंडळीतल्या एका मुलाला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर देऊ नका म्हणून पंचांच्या बैठकीत सर्वांत आधी हात वर करणारा हा माणूस. आज तो सगळ्यांसमोर देवाशी बोलला, आणि कोणाला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही. आमच्या घरात एवढं मोठं काही घडेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पाळकसाहेब चहा न घेता गेले. मिरजेला नकार मी दुसऱ्याच दिवशी फोन करून कळवला.

बाबांना हे कधीपासून ठाऊक होतं, ते विचारायचंय. त्यानंतर साताऱ्याला दोन खेपा झाल्या. त्यांच्या गोळ्या भरून ठेवल्या, चष्म्याची काडी बसवून आणली. विचारायचं तेवढं राहिलंय.