एकोणिसावं व्हर्जन

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. नोकरीची एकोणतीस वर्षं मोजमापं घेण्यात गेली. म्हणून जे मोजलं, तेवढंच लिहितो.

वर्तकनगर, ठाणे. तिसरा मजला. माझी पत्नी सुनीता सॉफ्टवेअर टेस्टर होती. कुकरच्या शिट्ट्या माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून तिने मोबाईलवर एक प्रोग्राम केला होता – तो शिट्ट्या ऐकून मोजतो आणि तीन झाल्या की तिच्या आवाजात म्हणतो, "अहो, गॅस बंद करा." त्याची बत्तीस व्हर्जन्स तिने जपून ठेवली होती, प्रत्येकाबरोबर एका ओळीची नोंद.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी भात कच्चा राहू लागला. कुकर दोनदाच वाजायचा, प्रोग्राम तीन धरायचा...

डोंबिवलीहून मुलगी आली, मुग्धा. दुसरं ॲप टाकून देते म्हणाली. मी नको म्हटलं. घरात सुनीताचं बोलणारं तेवढंच उरलं होतं.

बिघाड शोधायची रीत तिनेच शिकवली होती. "एकेक काय तपासत बसता? मधलं व्हर्जन घ्या. ते बरं असेल तर दोष पुढे, नाहीतर मागे."

सोळावं बरोबर. चोविसावं चूक. विसावं चूक. अठरावं बरोबर. एकोणिसावं चूक. पाच दुपारी, पाच कुकर, खिडक्या बंद, प्रत्येक शिट्टीला कागदावर एक रेघ.

मग एकोणिसाव्याची नोंद उघडली. तिचं आजारपण सुरू झालं तेव्हाची. 'कुकर कधीकधी शिट्टी गिळतो. आता माझी तोंडाची शिट्टीही मोजतो. पडल्या पडल्या वाजवीन.'

मुग्धाला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, अठरावं टाका ना."

मी बत्तिसावंच ठेवलं आणि आकडा तीनचा चार केला. एकवीस दिवस भात उत्तम झाला – कुकरच्या तीन, आणि एक, जी मला कधीच ऐकू आली नाही.

बाविसाव्या दिवशी भाताचा गिचका झाला. कागदावर माझ्या चार रेघा होत्या.

तेव्हापासून रोज चारच. ती एक कुठून येत होती, का थांबली... ते मोजता येत नाही. मुग्धा म्हणते, आकडा परत तीन करा.

केलेला नाही. गिचका चालतो मला.