लिफ्टच्या पलीकडे रेंज

खोली रिकामी करायच्या दिवशी आमच्या घरातून सगळ्यात शेवटी उतरला तो राउटर. देव सकाळीच आईच्या हातातल्या ताटातून टॉवरमध्ये गेले होते. मग कपाट गेलं, शेगडी गेली, पोटमाळ्यावरची पितळेची भांडी गेली. बाबा स्टुलावर चढून राउटरची वायर काढणार, तेवढ्यात उंबऱ्यावरून नलूकाकीचा आवाज आला, "थांबा हो भावजी, झिलाचो फोन चालू आसा."

बाबा स्टुलावर तसेच उभे राहिले. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. काकी बोटीवर नोकरीला असलेल्या आपल्या मुलाला, प्रसादला, फोनमधून आमची रिकामी खोली दाखवत होती. "ह्या बघ, हय बसान तू दहावीचो अभ्यास केलंस." कोपऱ्यात काहीच नव्हतं, नुसता भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग होता. प्रसाद तिकडून म्हणाला, तो डाग माझाच. तिचं बोलणं संपेपर्यंत बाबा खाली उतरले नाहीत.

हे मी आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. खोली विकून विरारला गेलेल्या बाळाकाकांसाठी, डोंबिवलीला नि दुबईला पांगलेल्यांसाठी, आणि अजून शेजारच्या चाळीत आपला नंबर लागायची वाट बघत बसलेल्यांसाठीही. आम्ही गेलो ते मैदान ओलांडून. वरळीच्या बीडीडी चाळीतून पुनर्विकासात समोर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, तेही थेट, कारण आमचा नंबर उशिरा लागला आणि संक्रमण शिबिराचा फेरा वाचला. ऑफिसातली एक मैत्रीण मला म्हणाली, एवढ्याला काय घर सोडणं म्हणतात? तिने चाळीत एक दिवस काढलेला नाही, म्हणून मी सोडून दिलं. एका खोलीत जन्मून, मोठं होऊन, त्याच खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन नोकरीला लागलेल्या माणसाला आपल्या नावाची स्वतंत्र खोली आणि तिला दार मिळतं, तेव्हा पासपोर्ट लागला नाही म्हणून तो प्रवास लहान होत नाही.

राउटरची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, पण जे आधी गेले त्यांच्यासाठी सांगते. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा मजल्याने वर्गणी काढून एकच कनेक्शन घेतलं. आमची खोली पॅसेजच्या बरोब्बर मध्ये, म्हणून डबा आमच्याकडे. बाबांनी वायर अशी नेली की बघत राहावं. सारख्या अंतरावर क्लिपा, कोपऱ्यात काटकोन, कुठे झोळ नाही. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, हात बसलेला माणूस तो. गिरणी गेली, मग प्रेसमध्ये लागले, पण वायर असो की धागा, सैल सोडलेला त्यांना खपत नाही. पासवर्ड साऱ्या मजल्याला पाठ होता. दारं सताड उघडी, त्यामुळे रेंज पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकाच्या संडासापर्यंत जायची. तिथे बसून कोणी किती वेळ व्हिडिओ बघतं यावरून भांडणंही झाली.

काकीची खोली पॅसेजच्या टोकाला. तिच्या घरी रेंज यायची नाही असं नव्हे, पण भिंतीआड शिरेपर्यंत तुटायची. म्हणून प्रसादचा फोन आला की ती आमच्या उंबऱ्यावर. काका गेल्यापासून घरात ती एकटीच. प्रसाद माझ्या आईलाही हाक मारायचा, बाबांनाही विचारायचा गुडघा कसा आहे. मी अभ्यास करत असले तर म्हणायचा, हिला पास करा कोणीतरी.

सोडतीत काकीला आमच्याच मजल्यावर घर लागलं. आमचं लिफ्टच्या या बाजूला, तिचं पलीकडे. आईने सोडतीनंतर काय केलं असेल? आधी स्वतःचं घर बघायला न जाता काकीचं दार बघून आली. पण प्रसादचं वेगळंच चाललं होतं. त्याचं म्हणणं, आई, एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार? भाड्याने दे आणि गावी जा, तिथे मावशी आहे, अंगण आहे. त्याचंही चुकत नव्हतं. समुद्रावर राहून आईची काळजी करणारा मुलगा आणखी काय सुचवणार? काकी म्हणाली, शिमग्यापर्यंत बघते. पण काकी गेली तर या टॉवरमध्ये आईशी मालवणीत भांडणारं कोणी उरणार नव्हतं, हे मला दिसत होतं.

नव्या घरात कनेक्शनवाल्यांनी हॉलमध्ये भिंतीवर आपला डबा बसवून दिला आणि चाळीतला जुना इथे चालणार नाही, नवा राउटर तुमचा तुम्ही आणा म्हणाले. मग मी नि बाबा दादरला गेलो. मी दिवसभर लोकांना फोनवरून नेट चालू करून देण्याचीच नोकरी करते, पण बाबा म्हणाले, घराची वस्तू आहे, मीही येतो. इस्त्रीचा शर्ट घातला. निघताना आईने एकच अट सांगितली, "कुठलाही घ्या, पण नलूकडे पोचला पाहिजे."

दुकानात मी तोंड उघडायच्या आत बाबा काउंटरला कोपर टेकवून म्हणाले, "मोठ्या घरासाठी दाखवा."

दुकानदाराने आदराने आठ अँटेनावाला काढला. कोळ्यासारखा पसरलेला, काळा, महागडा. "काका, बंगला आहे का? किती मजले?"

"दोन बेडरूम, हॉल, किचन," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि दोन बाथरूम."

दुकानदाराने कोळी परत खोक्यात घातला. "अहो काका, मग हा कशाला पायजे? तो छोटा घ्या ना, चार अँटेनावाला. दोन बेडरूमला फुल्ल होतो. उगाच कशाला पैसे घालवता?"

बाबांचा चेहरा पडला. तो माणूस भल्याचंच सांगत होता, हे मला कळत होतं. पण एकशेसाठ फुटांच्या खोलीत पाच माणसं, दोन ट्रंका आणि गावाकडचे पाहुणे जिरवलेल्या माणसाला आपलं घर छोट्या खोक्यातलं आहे हे काउंटरवर ऐकावं लागलं. मी म्हटलं, "भाऊ, लिफ्टच्या पलीकडे एक घर आहे, तिथेही पोचवायचंय." त्याने मान हलवली. मधल्या काँक्रीटला तो काय करणार? शेवटी त्याने आणि मी मिळून मधला मार्ग काढला. दोन्ही बँडचा, साधा, खिशाला झेपेल असा. एक बँड वेगवान, पण भिंतीला अडतो. दुसरा सावकाश, पण लांब जातो. काकीसाठी सावकाशवाला पुरे होता. आमच्या चाळीतली माणसं सावकाश बोलत नाहीत, पण फार वेळ बोलतात. शिवाय मी एक लांब पिवळी केबल जास्तीची घेतली, असू दे म्हणून.

मग रविवार त्यात गेला. बाबा राउटर हातात धरून हॉलभर फिरत होते, आई दारात, मी लिफ्टपाशी, काकी तिच्या घरात फोन उंच धरून. बाबा जागा बदलणार, आई ओरडणार, "आला का गं?", मी पुढे ओरडणार, आणि काकी आतून म्हणणार, "येता, येता, गेलो." टीव्हीच्या वर नाही. शू-रॅकवर नाही. या आरडाओरड्याने मजल्यावरची बंद दारं उघडली. शेजारच्या तावडेंनी काय झालं विचारलं, मग तेही ओरडायला उभे राहिले. शेवटी मुख्य दाराच्या वर, चौकटीला लागून राउटर बसवला आणि काकीच्या घरातून प्रसादचा चेहरा न तुटता दिसला. तावडेंनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी क्लिपा ठोकून वायर नेली, सारख्या अंतरावर, कोपऱ्यात काटकोन. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्यांनी सांगितलं, "पोरीने लिफ्टच्या पलीकडे रेंज नेली." मला लाजही वाटली आणि आवडलंही फार. चाळीतल्या वर्गणीच्या डब्यावर शिकलेली मुलगी मी, माझ्या पगारातून आणलेला राउटर दोन घरं चालवत होता.

आणि काकी यायची बंद झाली.

लगेच नाही कळलं. मी ऑफिसातून येते तेव्हा हॉलमध्ये आई एकटी टीव्हीसमोर, आवाज कमी करून. चहा दोन कपांचा केलेला, त्यातला एक थंड. विचारलं तर म्हणाली, "तिला कशाला यायला पाहिजे आता? तिच्या घरात पोचवलास ना तू." रागाने नाही म्हणाली. म्हणूनच लागलं. काकी तिकडे दार लावून सोफ्यावर बसून प्रसादशी बोलायची, इकडे आई दार लावून बसायची. प्रसादने आईला नि बाबांना कित्येक दिवसांत हाक मारली नव्हती, कारण हाक मारायला ते समोर नव्हतेच.

मग प्रसादचाच मला मेसेज आला. आई गावी जायला तयार झालीय, भाडेकरू बघशील का? मी स्वयंपाकघरात जाऊन आईला वाचून दाखवला. आई पोळी लाटत होती. म्हणाली, "बघ मग भाडेकरू." पुढची पोळी तिने चौकोनी लाटली आणि तशीच तव्यावर टाकली.

त्यानंतर काही दिवसांनी मी घरी आले तर काकी आमच्या सोफ्यावर. मांडी घालून, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, आणि त्यात प्रसाद. "तुझो तो डबो बिघडलो दिसता गो," ती मला म्हणाली. "माझ्याकडे येणा नाय आता." प्रसाद तिकडून आईला विचारत होता, काकू, खतखतं केलंत का? आई म्हणाली, "तू ये, मग करते. बोटीवर पार्सल नाही पाठवत." बाबा मध्ये तोंड घालून गुडघ्याचं सांगत होते. मी चपला काढायच्या आधी दाराच्या वर बघितलं. तिथे राउटर नव्हता.

मी आत गेले. पिवळी केबल भिंतीच्या कडेने निघाली होती. सारख्या अंतरावर क्लिपा, कोपऱ्यात काटकोन. तिच्यामागून गेले तर ती स्वयंपाकघरात शिरली, ओट्यावरून फळीवर चढली आणि स्टीलच्या डब्यांच्या मागे संपली. पुढे तांदळाचा, मागे पिठाचा, बाजूला डाळींचे, आणि मधोमध बिचारा राउटर हिरवे दिवे लावून बसला होता. एवढ्या स्टीलमागे ठेवल्यावर लिफ्टच्या पलीकडे काय, माझ्या खोलीतही तो धड येत नव्हता.

आई मागून आली. "दारावर बरा दिसत नव्हता," ती म्हणाली. "चार माणसं येतात-जातात."

"आणि वायर कोणी नेली?"

हॉलमधून बाबांचा आवाज आला, "राहू दे गं बाय आता. ठोकलंय एकदा."

मी राहू दिलं. मीच तर दिवसभर लोकांना सांगते, राउटर उघड्यावर ठेवा, भांड्यांजवळ ठेवू नका. ते सगळं खरं आहे, आणि आमच्या घरात ते चालत नाही. माझी खोली, जिच्या दारासाठी मी एवढी झुरले, तिथे आता मी फक्त झोपते. घरून काम असलं की हॉलमध्ये करते. एका बाजूला प्रसाद, दुसऱ्या बाजूला बाबांचा गुडघा.

मध्ये एकदा न राहवून मी काकीला म्हटलं, तुमच्या घरी तुमचं स्वतःचं छोटं कनेक्शन लावून देते, स्वस्तातलं. ती भाजी निवडत होती, आमच्याच परातीत. मान वर न करता म्हणाली, "लावान काय करू? एकटीनच बोलूचा तर गावाक काय जागा कमी आसा?" मग माझ्याकडे बघून बारीक हसली. तिला सगळं माहीत होतं, डब्यांमागचंही. काकीला हे कळलंय, हे आईला मात्र माहीत नाही, आणि आपण कोणी सांगायचं नाही. शिमगा आला. काकी गावी गेली, पालखी नाचवून परत आली, आणि येताना आमच्यासाठी सुकी कोकमं नि दोन कोवळे फणस घेऊन आली. भाडेकरूचा विषय पुन्हा निघाला नाही.

परवा बाळाकाका विरारहून आले होते. तुम्हा बाकीच्यांना कळवायला म्हणून सांगते, तब्येत छान आहे, मिशी तशीच आहे. नवं घर बघायला म्हणून आले आणि आल्या आल्या चाळीतल्यासारखं जमिनीवरच बसले. बाबांनी त्यांना सगळं फिरवून दाखवलं, खिडकीतून दिसणारं मैदान, माझी खोली, दोन्ही बाथरूमचे नळसुद्धा चालू करून. स्वयंपाकघरात राउटरचे दिवे डब्यांमधून लुकलुकत होते, ते त्यांनी विचारलं नाही. हॉलमध्ये आई आणि काकी प्रसादला एकाच वेळी काहीतरी सांगत होत्या, त्यामुळे बाळाकाकांना मोठ्याने विचारावं लागलं, "पण मेल्या, घर एकूण केवढं म्हणायचं?"

बाबा दादरच्या दुकानापासून याच प्रश्नाची वाट बघत होते. ते सावकाश म्हणाले, "दोन बेडरूम, हॉल, किचन, दोन बाथरूम. आणि लिफ्टच्या पलीकडे नलूचं."